पाट्यावर न बसणारा वरवंटा

"माझा वरवंटा कोणीतरी बदललाय," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

टेबल हललं. नितेशचा चहा बशीत सांडला.

"हा माझा नाही. माझा कुठे आहे तो शोधून द्या."

मुलुंडला झेरॉक्सच्या दुकानाच्या वर संघमित्राचं ऑफिस होतं. भूगर्भशास्त्राची पदवी घेतल्यावर खडकांची नोकरी मिळेना, म्हणून ती माणसांच्या चौकशांकडे वळली होती. नितेश तिचा जुना शेजारी आणि आता सहकारी. स्कूटर चालवणं, फोटो काढणं आणि चुकीचे अंदाज बांधणं ही त्याची कामं. बहुतेक अशील लग्नाआधीच्या चौकशीसाठी यायचे. दगड घेऊन कोणी आलं नव्हतं.

"काकू, वरवंटा बदलून कोणाला काय मिळणार?" नितेशने विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. मला फक्त एवढं ठाऊक, की मी वेडी नाही."

त्यांचं नाव सुगंधा धुरी. राहायच्या नाहूरला. इमारत पुनर्विकासाला जाणार होती आणि रविवारी घराची चावी द्यायची होती. मुलगा सुशांत आणि सून श्रुतिका बोरिवलीला असायचे. नवी इमारत उभी राहीपर्यंत सुगंधाबाई आणि त्यांचे यजमान गुणाजी यांच्यासाठी नाहूरलाच एक छोटं घर भाड्याने बघून ठेवलं होतं. श्रुतिकाने सामान आवरायला गंधाली नावाची एक मुलगी लावली होती. घरातला पसारा कमी करून देणं हा तिचा व्यवसायच होता.

"सोमवारी तिने सगळं आवरलं. मंगळवारी मी बांगड्याच्या कालवणाचं वाटप करायला पाट्यावर बसले. वरवंटा फिरवला, तर कडेचं खोबरं वाटलं जातंय आणि मधलं तसंच. आवाजही वेगळा. हातालाच कळलं, हा आपला नव्हे."

"घरी सांगितलंत?"

"सांगितलं, तिथेच फसले. सुशांत म्हणतो, आई, तुला विसरायला होतंय. त्याने शनिवारची डॉक्टरची वेळ घेतली आहे. वर म्हणतो, आता तुम्हाला वेगळं ठेवायला नको, बोरिवलीला चला, तू गॅसला हात लावू नकोस." त्यांचा आवाज चढला नाही, पण दगडावरची बोटं घट्ट झाली. "चाळीसेक वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस मला गॅस नको म्हणतो. आज वरवंटा, उद्या चूल. मला माझी चूल हवी. म्हणून आले."

संघमित्राने दगड उचलून उजेडात धरला, मग नाकाशी नेला.

"तुम्ही वरवंट्याला तेल लावता?"

"छे. पाण्याने धुवायचा आणि उभा करून ठेवायचा. हा मंगळवारी हातात बुळबुळीत लागला. राख लावून धुतला, तरी वास गेला नाही."

"घरात आणखी कोण?"

"आम्ही दोघंच. एक मुलगी आहे, दिशा. कुर्ल्याला असते. तिने मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून येणंजाणं नाही. किरण नाव त्याचं. तो तुमच्या..." त्यांची नजर टेबलावरच्या नावाच्या पाटीवर गेली.

"बौद्ध," संघमित्रा म्हणाली. "आमच्यातला. पुढे बोला, काकू."

"पुढे काही नाही. ह्यांनी तिचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं, म्हणून मी घेत नाही."

*

नाहूरच्या घरात खोकी भिंतीला लावून ठेवली होती. हिरवी चिठ्ठी ठेवायच्या वस्तूंना, पिवळी द्यायच्या, लाल टाकायच्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काळा पाटा भिंतीला टेकून होता. त्याच्यावर हिरवी चिठ्ठी.

संघमित्राने पाटा आडवा केला, त्यावर चिमूट-चिमूट हळद पसरली आणि वरवंटा एकदाच पुढे नेला. दोन्ही कडांची हळद दबून पाट्याला चिकटली. मधला पट्टा जसाच्या तसा मोकळा राहिला.

"बघ," ती नितेशला म्हणाली. "हा पाटा वापरून मध्ये खोल झालाय. त्याच्यावर इतकी वर्षं फिरलेल्या वरवंट्याला तसंच पोट सुटायला हवं. दोघं एकमेकांना घासूनच आकार घेतात. हा सपाट आहे. दुसऱ्या कुठल्यातरी पाट्यावर झिजलाय."

"म्हणजे काकू बरोबर आहेत."

"शंभर टक्के. शोधायचंय ते एवढंच, की कोणी आणि कशाला."

सुगंधाबाईंनी पदराने हळद पुसली. गेले दोन दिवस आखडलेले त्यांचे खांदे थोडे खाली आले.

"लांबी किती होती तुमच्याची?"

"एवढीच. अगदी एवढीच. रंगही असाच काळा. म्हणून तर कोणाला पटत नाही."

सुशांत आणि श्रुतिका सुट्टी घेऊन खोकी बांधायला आले होते. सुशांत गॅलरीत सुतळी कापत होता.

"हे बघा मॅडम, तुम्ही तिच्या नादी लागू नका," तो म्हणाला. "दगडासारखा दगड. आणि घरात मिक्सर आहे ना?"

"तुम्ही कधी पाट्यावर वाटलंय?"

"मी?" तो हसला. "मी फक्त खाल्लंय."

"तुमची बहीण दिशा. तिच्याशी बोलणं आहे?"

सुशांतने खोलीकडे बघून आवाज खाली आणला. "तिला मुलगी झाली. फोनवर स्टेटस दिसलं, गेल्या आठवड्यात. मी इथे बोललो नाही. बाबा भडकतील आणि आईला उगाच त्रास. तुम्हीही बोलू नका प्लीज."

श्रुतिका आत तांदळाचे डबे पुसत होती. तिने सरळच सांगितलं. "ताई, मला सासूबाई बोरिवलीला नकोत असं नाही. पण तिथे त्यांना करमणार नाही आणि माझ्या किचनमध्ये आम्ही दोघी मावणार नाही. त्यांना वेडं ठरवून माझा काय फायदा? उलट माझीच वाट लागेल. आणि तो पाटा मी तर उचलूही शकत नाही. सोमवारी मी इथे नव्हतेच, ऑफिसला होते. सुशांतही."

गंधाली दुपारी आली. हातात चिठ्ठ्यांची गुंडाळी, कानात इअरफोन, एक बाजू लोंबती.

"मी टाकला नाही," ती बसायच्या आधीच म्हणाली. "सगळे माझ्याकडेच बघतायत. माझा नियम आहे, जोडी फोडायची नाही. टाकायचं असतं तर पाटापण गेला असता. काकूंनी घरातलं अर्धं सामान न कुरकुरता सोडलं, फक्त पाटा-वरवंट्यावर हात ठेवून बसल्या. मी म्हटलं, काकू, मिक्सर आहे, नव्या घरात जागा नाही. तर म्हणाल्या, हा जाणार नाही. का ते सांगेनात."

"दुसरं काही गहाळ झालं का?"

गंधालीने विचार केला. "गहाळ असं नाही. मुलीची लहानपणीची झबली निघाली होती. आणि एक कुंची, काकूंच्या साडीची शिवलेली, मागे झालर. मी विचारलं, कोण वापरणार आता? काकूंनी काकांकडे बघितलं, म्हणाल्या, कोणी नाही, दे देऊन. बघितलंही नाही तिच्याकडे. मी पिवळ्या ढिगात टाकली. संध्याकाळी गाठोडं बांधताना झबली होती, कुंची नव्हती. मला वाटलं, काकूंनीच परत काढून घेतली. असं खूप जण करतात."

"काकू, तुम्ही घेतलीत?" संघमित्राने आत विचारलं.

"नाही," आतून उत्तर आलं. थोड्या वेळाने पुन्हा, "ती गेली ना गाठोड्यात?"

गुणाजी धुरी बाहेरच्या खोलीत पलंगावर बसले होते. गिरणीत साच्यावर उभं राहून गेलेली उमर, आणि त्यापायी गेलेले गुडघे. शेजारी तेलाची बाटली, तळाशी पांढरे खडे. ते सावकाश गुडघा चोळत होते आणि खोलीभर कापराचा वास होता.

"बसा," ते म्हणाले. "हिने तुम्हाला उगाच दगदग दिली."

"तुम्हाला काय वाटतं, काका? वरवंटा बदललाय?"

"तोच आहे. मला काही फरक दिसत नाही."

"म्हणजे काकूंना भास होतोय. मग डॉक्टर..."

"भास कसला?" गुणाजी एकदम म्हणाले. "तिचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे. डॉक्टरबिक्टर काही नको. मी सुशांतला सांगितलंय, तिला कुठे न्यायचं नाही."

"बरं. तुम्ही दिवसभर घरीच असता?"

"लिफ्टने खाली जातो संध्याकाळी. गेटजवळच्या बाकावर बसतो. आणि कुठे जाणार?"

*

गेटजवळ बाक होता. बाकाला लागून दगडांचा ढीग होता. पाटे, वरवंटे, एक फुटकं जातं, खलबत्ते. सगळी इमारत घरं रिकामी करत होती. भंगारवाला पितळ घ्यायचा, रद्दी घ्यायचा, दगडाला हात लावत नव्हता. म्हणून दगड तेवढे इथे येऊन साठले होते, उन्हाने पांढुरके पडलेले.

"झालं," नितेश म्हणाला. "सुटली केस."

"बोल."

"गंधालीने चुकून वरवंटा लाल ढिगात टाकला. मग काकू ओरडतील म्हणून खाली धावली, हाताला लागला तो उचलून वर नेऊन ठेवला. चुकीचा निघाला. आता कबूल करत नाही."

"हाताला लागला तो?" संघमित्रा ढिगाजवळ उकिडवी बसली. "ह्यातले दोन सारख्या लांबीचे दाखव."

नितेशने बघितले. एक आखूड, एक जाड, एक टोकाला निमुळता, एक मुसळासारखा लांब. तो बराच वेळ उलथापालथ करत राहिला.

"नाहीयेत."

"आणि वर आहे तो अगदी काकूंच्या मापाचा. म्हणजे कोणीतरी निवांत बसून माप बघून निवडला. चुकून टाकलेली वस्तू माणूस घाईत भरून काढतो. आणि टाकलेला असता, तर काकूंचा मूळ वरवंटा इथेच सापडला असता. दगड कोणी नेत नाही."

नितेशने वैतागून हात झटकले. "पण यार, पाट्याशिवाय नुसत्या वरवंट्याचं करायचं काय? वाटता येत नाही, विकता येत नाही. कोणाच्या डोक्यात घालायला?"

संघमित्रा उठून उभी राहिली. "हाच प्रश्न आहे रे. तू बरोबर विचारलास. तुझ्या घरी तुझ्या बारशाचा फोटो आहे?"

"आहे. का?"

"पाळण्यात काय काय दिसतं?"

"मी. खुळखुळा. आणि माझ्याशेजारी..." नितेशचं तोंड उघडंच राहिलं.

"चल वर."

*

तिने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. गुणाजींसाठी स्टूल आणलं. पाटा मध्ये होता, त्यावर परका वरवंटा.

"पहिली गोष्ट," संघमित्रा म्हणाली. तिने पुन्हा हळद पसरून वरवंटा फिरवला आणि सुशांतला वाकून बघायला लावलं. "मधली हळद दबली नाही. हा वरवंटा ह्या पाट्याचा नाही. तुमच्या आईला काहीही झालेलं नाही. जे तुम्हाला डोळ्यांनी दिसलं नाही, ते तिच्या हाताला कळलं. शनिवारची वेळ रद्द करा."

सुशांत वाकलेलाच राहिला. त्याने बोट मधल्या हळदीवरून फिरवलं आणि पिवळं बोट बघत बसला.

"आता कोणी बदलला. हा खालच्या ढिगातून आला. लांबी नेमकी जुळवली, पण पोट जुळवलं नाही. वरवंट्याला पोट असतं हे जिने वाटलंय तिला ठाऊक असतं. म्हणजे निवडणारा कधी पाट्यावर बसलेला नाही, आणि त्याच्याकडे ढिगाजवळ बसून काढायला वेळ होता. उन्हातला दगड पांढुरका असतो. तो वापरातल्यासारखा काळा दिसावा म्हणून त्याला तेल चोळलं. दगडाला बारीक छिद्रं असतात. राखेने तेल निघालं, वास आतच राहिला."

तिने वरवंटा श्रुतिकाच्या नाकाशी धरला.

"कापूर," श्रुतिका म्हणाली आणि तिने हळूच सासऱ्यांकडे बघितलं.

"वासावरून मी एवढ्यात बोलले नसते. ह्या घरात कापराचं तेल कोणीही घेऊ शकतं. पण काका, तुम्ही मला दोन गोष्टी सांगितल्यात. वरवंटा तोच आहे, आणि काकूंचं डोकं ठीक आहे. दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही. वरवंटा तोच असेल, तर काकू चुकतायत. काकू ठीक असतील, तर वरवंटा बदललाय. सुशांतदादांना पहिलं पटलं होतं, म्हणून त्यांनी डॉक्टर शोधला. काकूंना दुसरं ठाऊक होतं, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. दोन्ही एकदम फक्त एकच माणूस म्हणेल. ज्याला बदल झालाय हे माहीत आहे आणि लपवायचं आहे, पण त्यापायी बायकोला वेडं ठरवलेलं ज्याला सोसवत नाही."

गुणाजींनी गुडघ्यावरचा हात काढला नाही.

"पण कशाला?" सुशांत म्हणाला. "बाबा, दगड कशाला?"

"पाट्याशिवाय वरवंटा एकाच ठिकाणी लागतो," संघमित्रा म्हणाली. "पाळण्यात. बारशाला वरवंट्याला कुंची घालतात, काजळ लावतात, बाळासारखा पाळण्याखालून-वरून फिरवतात आणि बाळाशेजारी निजवतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. नितेश त्याच्या फोटोत आहे."

"मला शाळेत जाईपर्यंत वाटायचं, ते माझं जुळं आहे," नितेश म्हणाला. कोणी हसलं नाही, त्याला चाललं.

"वरवंटा गेला त्याच दिवशी पिवळ्या ढिगातून कुंची गेली. झबली नाही, फक्त कुंची. आणि सुशांतदादा, आता लपवण्यात अर्थ नाही. दिशाला गेल्या आठवड्यात मुलगी झाली."

सुगंधाबाईंनी ओट्याची कड धरली.

"कधी?" त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "तुमका ठाव हुता?"

गुणाजी जमिनीकडे बघत बोलू लागले. "किरण बाकावर येतो. वर्ष झालं. येतो, बसतो, दिशाचं सांगतो, जातो. मी आधी बोलत नसे. मग बोलायला लागलो. पोर झाली त्या दिवशी पेढे घेऊन आला. रविवारी बारसं आहे. त्याची आई, मीराताई, म्हणाली म्हणे, आमच्याकडे बुद्धवंदना होईल, तुमच्याकडचं काही असेल तर तेही होऊ दे, पोर दोन्ही घरांची. दिशाने एकच निरोप धाडला. मी ज्याच्याशेजारी निजले होते तो वरवंटा मिळेल का?"

"आणि माका सांगूक काय झाला हुता?"

"कसं सांगणार? सोमवारी तू तिची कुंची न बघता टाकलीस. मी समोर होतो. म्हटलं, हिच्या मनातून पोरगी गेली. मागितला तर देणार नाही. म्हणून कुंचीसकट किरणच्या हाती गुपचूप पाठवला. बारसं झालं की परत आणून ठेवला असता, तुला कळलं नसतं. मग डॉक्टरचं निघालं. मला रात्री झोप नाही, पण तोंड उघडेना."

"मी तुमच्याकडे बघून टाकली," सुगंधाबाई म्हणाल्या. "त्या मुलीने विचारलं, कोण वापरणार? काय सांगू? दिशाचं नाव घ्यायचं नाही, तुम्हीच बजावलेलं."

"ते लग्नाच्या वेळी बोललो."

"मग पुढे कधी बदललं, ते सांगितलंत मला?"

खाली कोणीतरी आणखी एक दगड ढिगावर टाकला, त्याचा आवाज वर आला.

"काकू," संघमित्राने विचारलं, "अर्धं घर सोडलंत आणि पाटा-वरवंट्यावर हात ठेवून बसलात. कशासाठी?"

सुगंधाबाईंनी पाट्यावरची हिरवी चिठ्ठी अंगठ्याने घट्ट दाबली.

"दिशाला कधीतरी मूल होईल," त्या म्हणाल्या. "तेव्हा लागेल म्हणून."

श्रुतिकाने डोळे पुसले. सुशांत मोबाईल काढून गॅलरीत गेला आणि डॉक्टरची वेळ रद्द करताना त्याचा आवाज आत ऐकू आला. परत येऊन तो म्हणाला, "आई, चुकलं माझं. बोरिवलीचं राहू दे. नव्या घरात गॅसची जोडणी आधी करून घेतो."

"आधी पाट्याची जागा कर," सुगंधाबाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी सामान जाईल, दुपारी आपण कुर्ल्याला. गाडी तू आण. झबली गाठोड्यातून काढ गं श्रुतिका. आणि तुम्ही," त्या गुणाजींकडे वळल्या, "बारसं झालं की वरवंटा परत घेऊन यायचा. दिशाकडे ठेवायचा नाही."

"अगो, तिने एवढ्या मनाने मागितला..."

"मग मी वाटप कशाने वाटू? इथेच राहील. तिला पुन्हा लागेल, तेव्हा तिने इथे यायचं. पोरीला घेऊन."

गुणाजींनी मान हलवली. ते गुडघा धरून उठले आणि दाराकडे निघाले. सुगंधाबाईंनी त्यांना थांबवलं. पाट्यावरचा परका वरवंटा त्यांनी उचलला, हळद धुतली, पदराने कोरडा केला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"हा खाली जाताना घेऊन जा. बाकावर ठेवा, ढिगात टाकू नका. इमारतीतली कोणी म्हातारी शोधत असेल. तिलाही घरच्यांनी वेडी ठरवलं असेल."